दहा लिटरला किती

महिन्याच्या पाच तारखेला
धारूर डेपोत, कंट्रोलरच्या खिडकीशेजारी
कागद लागतो.
नाव, बिल्ला नंबर,
आणि दहा लिटर डिझेलला कोण किती किलोमीटर धावला.
आम्ही तो वाचतो
वाचत नसल्यासारखा,
एका हातानं शर्टाची बटणं लावत.

तिडके एम. जी. : त्रेपन्न पूर्णांक एक.
मी : सेहेचाळीस पूर्णांक सहा.

अकरा वर्षं गाडी हाकली,
पण कागद लागेपर्यंत ठाऊक नव्हतं
की मी माणूस म्हणून
साडेसहानं कमी आहे.

तिडकेला लातूर. सपाट सडक,
केजच्या पुढं तर टॉपमध्ये टाकून
तंबाखू मळावी.
मला घाट. तेलगावला उतरायचं,
परत वर यायचं,
वळणावर वळण, गिअरवर गिअर,
इंजिन म्हाताऱ्या बैलावानी फुसफुसतं.
हे सगळ्यांना माहीत आहे.
कागदाला माहीत नाही.

त्या दिवसापासून तिडके माझ्या केबिनमध्ये बसू लागला,
बॉनेटवर, मांडी घालून.
मी क्लच दाबला की च्यक् करायचा.
रेस दिली की काट्याकडं बघायचा.
खरा तिडके तेव्हा मुरुडच्या अलीकडं
कुठंतरी भजे खात असणार.

मग मी उतारावर गाडी न्यूट्रल करू लागलो.
कंडक्टर शमीम
तिकिटाचं मशीन छातीशी धरून
बाहेर बघत बसायची. बोलली काही नाही.
आणि चढणीला, तिसऱ्या वळणावर,
सीताफळाच्या टोपल्या घेऊन
गयाबाई उभी असते तिथं
थांबणं सोडून दिलं.
थांबून परत उचलायची म्हणजे घोटभर डिझेल,
आणि तो घोट माझ्याच घशातून जायचा.

पहिल्या दिवशी तिनं हात केला.
दुसऱ्या दिवशी दोन्ही हात.
पंधरा दिवसांनी
गाडीचा आवाज ओळखून
ती दगडावरून उठलीच नाही.

पुढचा कागद : एकोणपन्नास पूर्णांक दोन.
अर्धा कप चहा पुरेल एवढा आनंद झाला.
तेवढ्यात तिडकेचा आकडा दिसला.

दिवाळीनंतर त्याच्या पोरीची सुपारी फुटली,
आठ दिवस लातूर माझ्याकडं आली.
काहीच केलं नाही मी.
पाय नुसता ठेवला.
चोपन्न.
आता रागानं कुठं बसावं, त्याला जागाच राहिली नाही,
उभ्यानं प्रवास करणाऱ्या माणसासारखा
तो आत लोंबकळत राहिला.

रजेवरून तिडके आला, पेढा दिला,
खिडकीशी उभा राहिला.
म्हणलं, बघ की तुझा आकडा.
तर हा दुसराच कागद वाचायला,
ओव्हरटाइमचा,
बोट ठेवून, वरून खाली.
तिथं मी दुसरा होतो. तो चौदावा.
"तुझं बरंय लेका," म्हणला,
"तुला डबल ड्युटी देतेत.
आमच्याकडं कोण बघायलंय?"
पेढा माझ्या तोंडात तसाच राहिला,
गोड का काय, कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी
तिसऱ्या वळणावर ब्रेक लावला.
गयाबाई दगडावरच.
शमीमनं दार उघडलं, तरी ती बसूनच.
"आज कामून थांबलास रं?" तिनं विचारलं.
"गाडी बिघडली का?"
मी म्हणलं, "व्हय."

टोपल्या चढवायला वेळ लागला.
मागं कुणीतरी घड्याळ बघून बोललं.
पहिल्या गिअरला गाडी उचलली,
एवढा धूर, एवढा आवाज,
की घोटभर नाही, तांब्याभर गेलं असणार.

मागं जागा नव्हती.
एक टोपली तिनं पुढं आणून
बॉनेटवर ठेवली.
तिडके थोडा सरकला.

उतरला नाही.